पुढच्या साथीची पूर्वतयारी

पुढची साथ यायच्या आत एक काम उरकून घ्या: मागची विसरून जा. (लस घ्याच, ती विषाणूसाठी. विस्मरण सरकारी सूचनांसाठी.)

मास्कचंच बघा. २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, निरोगी माणसाला मास्कची गरज नाही. ५ जूनला तीच म्हणाली, गर्दीत कापडी मास्क लावा. आता तुम्ही म्हणाल, नवी माहिती आली की सल्ला बदलणारच. अहो, बदलू दे की! पण 'काल आमचं चुकलं' हे कुठे ऐकलंत? नसेल ऐकलं, तर तुमच्याच कानांचा दोष. त्याआधी २८ मार्चला 'कोविड हवेतून पसरत नाही' असं संघटनेने ठणकावलं होतं, वर 'तथ्य' असा शिक्का मारून. बाकी काही लक्षात राहिलं तरी चालेल, तो शिक्का तेवढा विसरा.

अंतराच्या हिशेबात डोकं घालू नका. संघटनेचा विषाणू एक मीटरवर दमायचा, अमेरिकेतला सहा फुटांपर्यंत मजल मारायचा. इंग्लंडमधला भलताच वक्तशीर. सप्टेंबर २०२० मध्ये तिथले पब रात्री दहाला बंद करायला लावले. दहाच्या आत तो कुणाच्या वाटेला जात नसावा.

दारावरच्या तपासणीला तर मुळीच हसू नका. माझ्या कपाळावर रोखलेलं ते तापमापकाचं पिस्तूल मनगटावर उतरलं आणि आकडा आला ३३ सेल्सिअस. खरोखर एवढंच तापमान असतं तर मला कुडकुडत दवाखान्यात न्यावं लागलं असतं. पहारेकरी म्हणाला, "जा." मग वही पुढे सरकवली. नाव, वेळ, तापमान, सही. पेन सुतळीने टेबलाला बांधलेलं, सकाळपासून आलेल्या प्रत्येकाच्या बोटांतून फिरून किंचित ओलसर झालेलं. तापमानाच्या रकान्यात ३३, ३३, ३३ असं पानभर उतरत गेलं होतं. मीही गुमान ३३ लिहिलं.

नियम करणाऱ्यांनी ते पाळले का, हे विचारणं असभ्यपणाचं. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना जून २०२० मधल्या वाढदिवसाच्या जमावाबद्दल दंड झाला, तो एप्रिल २०२२ मध्ये. हा नियमभंग असेल असं तेव्हा मनातही आलं नाही, म्हणाले. नियम त्यांच्याच सरकारचा! विसरावं तर असं.

तेव्हा उद्या कुणी माइकसमोर येऊन 'घाबरायचं कारण नाही' म्हणालं, की पहिल्यांदाच ऐकतोय अशी मान डोलवा. पेन मात्र घरून न्या.