टो बॉल, फावडं आणि विंच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रिकव्हरीच्या, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढण्याच्या सामानावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. विंच (गाडीच्या पुढे बसवलेलं, तार गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) असली की फावड्याबिवड्याचं ओझं कशाला. टो बॉलबद्दल, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याबद्दल, मी उगाच घाबरवते. तुम्ही दहा वर्षं त्यालाच दोर अडकवून गाड्या काढताय आणि काही झालेलं नाही. आणि एवढं सामान गाडीत ठेवायचं कुठे, हे मी सांगितलंच नाही. तिसरा आक्षेप अगदी बरोबर आहे, त्याकडे शेवटी येते.

आधी टो बॉल, कारण इथे मी तसूभरही मागे हटणार नाही. टो बॉल असतो ट्रेलर सावकाश ओढण्यासाठी. रुतलेली गाडी काढताना त्याला बसतो तो हिसका. कायनेटिक दोर नायलॉनचा. ताण आला की 20 ते 30 टक्के लांबतो, ओढणाऱ्या गाडीची धाव स्वतःत साठवतो आणि मग रुतलेल्या गाडीला उपसून काढतो. त्याच क्षणी बॉलचा दांडा तुटला, तर ती सगळी ऊर्जा त्या मुठीएवढ्या लोखंडी गोळ्याला मिळते. गोळा दोराच्या टोकाला अडकलेला, म्हणजे तो जाणार थेट समोरच्या गाडीच्या काचेकडे. यात माणसं गेली आहेत. ओढणाऱ्याने ताशी 10 ऐवजी 20 किलोमीटरने धाव घेतली, की ही ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. आणि दांड्याला आत पडलेली चीर वरून दिसत नाही. दहा वर्षं तुमचं निभावलं याचा मला मनापासून आनंद आहे, पण अकराव्या वर्षी दोराच्या त्या टोकाला कोण बसलेलं असेल ते आपल्याला माहीत नाही.

दोर अडकवायचा तो चॅसीला बोल्टने पक्क्या बसवलेल्या, क्षमता ठरवून दिलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच. पुढच्या बाजूला खाली दिसणारी पातळ कडी बहुतेकदा वाहतुकीत गाडी बांधून ठेवण्यासाठी असते, तीही चालत नाही. शॅकल, म्हणजे दोर पॉइंटला जोडायची खिट्टीची कडी, घेताना तिच्या अंगावर कोरलेला आकडा बघा. ‘4.75 टन’ हा रोज घ्यायचा भार असतो, तुटण्याचा नव्हे. दोरावरचा आकडा मात्र बहुधा तुटण्याचा असतो. या दोहोंची गल्लत फार होते. दोराचा आकडा दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावा. त्याहून फार जाड घेतला तर तो ताणलाच जात नाही, आणि मग कायनेटिक घेऊन उपयोग काय? साधा पॉलिएस्टरचा टो पट्टा तर जवळपास लांबतच नाही. त्याला धाव घेऊन हिसका देऊ नका.

आता फावडं. लष्करी रिकव्हरीत एक ठोकताळा वापरतात: चाकं बुडेपर्यंत गाडी चिखलात असेल तर साधारण तिच्या वजनाइतका प्रतिकार धरायचा, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट. म्हणजे चाकापुढची आणि डिफरेन्शियलखालची (ॲक्सलच्या मधल्या फुगीर भागाखालची) माती उपसली, की दोरावरचा, शॅकलवरचा, पॉइंटवरचा ताण उतरतो. एकदा ओल्या वाळूत माझी गाडी पोटावर बसली होती. पालथी पडून लांब दांड्याच्या फावड्याने ॲक्सलखालची वाळू ओढत होते. ओढावी तितकी पुन्हा आत सरकायची. पाऊण तास गेला. मग टायरची हवा 30 वरून 15 पीएसआयवर आणली, चाकांपुढे ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खरबरीत फळ्या) खुपसले, आणि गाडी दोराशिवाय बाहेर आली. त्या दिवशी फावडं नसतं तर मीही कुणाला तरी ‘जोरात ओढ’ म्हणाले असते.

विंचला माझा विरोध नाही. एकट्याने जाणाऱ्याला ती हवीच. पण मोकळ्या वाळूत तिची तार बांधणार कुठे? शिवाय लिहिलेली क्षमता मिळते ती ड्रमवर तारेचा एकच थर उरलेला असताना. वरच्या थरांवर ती कमी होते. पोलादी तारेची मध्यम विंच एकटीच 35-40 किलोची, तीही गाडीच्या अगदी नाकावर. म्हणून म्हणते, पहिली खरेदी ती नको.

आणि आता माझी चूक. सामान कुठे ठेवायचं हे मी लिहायला हवं होतं, कारण त्याची शिक्षा मी भोगली आहे. दोर आणि हातमोजे डिकीच्या तळाशी, त्यावर तंबू, भांडी, पाण्याचे कॅन. भर पावसात सगळा संसार चिखलात मांडावा लागला. तेव्हापासून फावडं आणि बोर्ड बाहेर, छतावरच्या रॅकला. दोर, सॉफ्ट शॅकल (दोराचीच केलेली शॅकल), मोजे आणि दोर तुटला तर उसळू नये म्हणून त्यावर टाकायचं जड कापड एकाच पिशवीत, मागच्या सीटमागे, दार उघडताच हाताला लागेल असं. लोखंडी शॅकल दाराच्या कप्प्यात सुटे ठेवू नका. गाडी उलटली तर ते आतल्या आत दगडासारखे उडतात. हे मूळ लेखात आज जोडते.

तुमच्या गाडीचं मॉडेल आणि मागच्या बाजूचा खालून काढलेला एक फोटो पाठवाल का? टो बॉलऐवजी दोर कुठे अडकवता येईल ते आपण मिळून शोधू.