मानपत्रं राहू द्या, आधी ठराववह्या वाचवा

दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली की मराठवाड्यातल्या बायकांचा इतिहास किलोच्या भावाने रद्दीत जातो. महिला मंडळ कधीच बंद पडलेलं असतं, अध्यक्षबाई राहिलेल्या नसतात, घरच्यांना पत्र्याची पेटी रिकामी हवी असते. त्या पेटीतलं वाचतं काय, तर सत्काराचे फोटो, मानपत्र, पाहुण्यांच्या हस्ते मिळालेली ढाल. जातं काय, तर ठराववही, हजेरीपट, पावतीपुस्तकं, आवक-जावक. जागा एकाच गठ्ठ्यापुरती असेल तर वह्या ठेवा, ढाल गेली तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

मानपत्रात प्रत्येक बाई 'त्यागमूर्ती' असते. ठराववहीत सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणाचा, गणपूर्तीअभावी बैठक किती वेळा तहकूब झाली, हे सगळं असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या गावातल्या बचत गटाचा हजेरीपट उघडा. दिवाळीनंतर रकाने रिकामे दिसतील आणि पाडव्याच्या आसपास पुन्हा भरू लागतील. कर्जाच्या वहीत 'कारण' असा रकाना असतो: बियाणं, दवाखाना, शेळी, मुलीचं लग्न. दहा वर्षांचा तो एक रकाना सलग वाचला तर दुष्काळात घरं कशी चालली ते कळतं. अंगठ्याच्या जागी सही कोणत्या महिन्यापासून दिसते, तेही त्याच वहीत सापडतं. किल्लारी भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) लातूर-उस्मानाबादच्या गावांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' केलं आणि घरांच्या पुनर्बांधणीत उतरवलं. त्या गावांतली मंडळाची वही म्हणजे पुनर्वसनाचा अस्सल कागद. ती कोणाच्या माळ्यावर आहे, ते आत्ताच शोधायला हवं.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत दगडाबाई शेळके यांचं नाव येतं आणि तिथेच बायकांची यादी संपते. भाकरी आणि निरोप पोचवणाऱ्यांचा कागद मुळात कमी, आणि आहे तो उर्दूत, फसली सनात, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेत. संस्थानात संस्था नोंदणीचा कायदाच १३५० फसलीचा, म्हणजे १९४०-४१चा. फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यात सुरू होतं. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसली सनात ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. यादीत दोन्ही सन लिहा, मूळ तारीख 'सुधारू' नका. संस्थानानंतरच्या संस्थांसाठी धर्मादाय कार्यालयात जा. परिशिष्ट-१चा उतारा आणि फेरफार अर्ज मागा. विश्वस्त कधी बदलले ते त्यात सालवार मिळतं, आणि पुष्कळदा 'महिला' मंडळाच्या विश्वस्तांत पुरुष किती होते तेही.

पेटी हाती आली की पहिल्या दिवशी कागदांचा क्रम लावू नका. कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने फोटो काढा, कोणत्या पिशवीत काय होतं ते लिहा. विषयवार गठ्ठे करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण पावतीपुस्तकात खोचलेलं पत्र वेगळं काढलं की ते कशाबद्दल होतं हे कायमचं हरवतं.

सगळ्यात जास्त वेळ नावांना द्या. 'सौ. कुलकर्णी', 'कुलकर्णी काकू' आणि लग्नाआधीच्या वर्गणी यादीतली 'कु. देशपांडे' ही एकच बाई असू शकते. लग्नात पहिलं नावही बदलायचे, त्यामुळे आडनावावरून शोधणं फसतं. प्रत्येकीचं एक कार्ड करा: माहेरचं नाव, सासरचं नाव, सही करते ते नाव, गावात हाक मारतात ते नाव, दोन्ही गावं. हे केलं नाही तर एका बाईची वीस वर्षं तीन वेगळ्या बायकांत वाटली जातात.

आता साठवण. माळवदाच्या घरातलं भिंतीतलं फडताळ ही कागदासाठी सर्वांत वाईट जागा. वाळवी मातीच्या भिंतीतून येते आणि छत पावसात पाझरतं. पत्र्याची पेटी विटांवर, भिंतीपासून अर्धा फूट लांब ठेवा. कपाट असेल तर तेही तसंच. आपल्याकडे एप्रिल-मेचा कोरडा कडाका आणि लगेच पावसाळ्याचा ओलावा. या चढउतारानेच कागद कडक होतो आणि मग बुरशी धरतो. ओलसर दिवसांत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं तर बुरशी आतच वाढते. धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात बांधा. लाल बासन रुबाबदार दिसतं, पण भिजलं की रंग कागदावर उतरतो. आणि पापड-कुरडयांबरोबर वह्यांना ऊन दाखवू नका, शाई उडते. भिजलेलं सावलीत, पंख्याखाली वाळवा, तेही दोन दिवसांच्या आत. पुढे बुरशी धरायला लागते.

गंजलेली टाचणी ओढू नका. तिच्याखाली पातळ प्लॅस्टिकचा तुकडा सरकवा, मग हळूच सोडवा. चिकटपट्टी कधीच नाही, तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर गुन्हा मानावा. उष्णतेने चिकटलेलं ते पुन्हा निघत नाही आणि कागदातलं आम्ल आतच राहतं. बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, तोही नको. किडा जाईल, पण मोरचुदातल्या तांब्यामुळे कागद लवकर ठिसूळ होतो.

स्कॅनिंगचा उत्साह हल्ली फार. मोबाइलचं ॲप कागद 'स्वच्छ' करून काळा-पांढरा करतं, आणि पेन्सिलीची टीप, फिकट शिक्का, अंगठ्याचा ठसा पुसून टाकतं. रंगीत, किमान ३०० डीपीआय, फोटोंसाठी ६००. ए-फोर आकाराचं एक पान टिफमध्ये (न आकसणाऱ्या फाइलीत) ३०० डीपीआयला साधारण २६ एमबी होतं, म्हणजे दोनशे पानांची वही पाच जीबीच्या वर. हार्डडिस्क त्या हिशेबाने घ्या. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ही प्रत नव्हे, तो आकसून येतो.

मुंबईत, दहिसरला, स्पॅरो हा स्त्रियांविषयीच्या कागदपत्रांचा संग्रह १९८८ पासून आणि एसएनडीटीचं स्त्री अभ्यास केंद्र १९७४ पासून काम करतंय, आणि दोन्हींचं मोल मोठं आहे. तरी अस्सल वह्या जिल्ह्यातच राहाव्यात, मुंबईला प्रत जावी. छत्रपती संभाजीनगरला पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे, महाविद्यालयांची ग्रंथालयं आहेत. फोटोतली तिसरी बाई कोण, हे सांगणारी माणसं कळंब-कंधारला भेटतात, दहिसरला नाही.

एक कुलूप मात्र लावाच. समुपदेशन केंद्रांच्या धारिका खुल्या करू नका. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि कायद्यापलीकडेही त्या बाईने आपली कहाणी संशोधकाला सांगितली नव्हती. या धारिका वेगळ्या पेटीत. यादीत फक्त क्रमांक आणि वर्ष. देणाऱ्या कुटुंबाकडून लेखी घ्या: काय दिलं, कधी खुलं करायचं, छापायला परवानगी कोणाची.

बाकी पेट्या थांबू शकतात, फोटोंतली माणसं ओळखणारे थांबत नाहीत. जुन्या सदस्यांना बसवून डावीकडून उजवीकडे नावं विचारा. मागे मऊ पेन्सिलीने हलकंच लिहा, बॉलपेनने नाही, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. काचेला चिकटलेला फोटो सोलू नका, काचेसकटच स्कॅन करा.