रोल्स रॉइस, खराटे आणि एक मेकॅनिक

परवा फॅमिली ग्रुपवर ते फॉरवर्ड पुन्हा आलं. अलवरचे महाराज साध्या कपड्यांत लंडनमध्ये रोल्स रॉइसच्या शोरूममध्ये गेले, सेल्समनने त्यांना हाकललं, मग महाराजांनी शोरूममधल्या सगळ्या गाड्या रोख मोजून घेतल्या आणि इकडे आणून कचरा उचलायला लावल्या. शेवटी कंपनीने तार करून माफी मागितली. खाली तिरंगा, तीन जोडलेले हात आणि "अभिमान वाटला तर पुढे पाठवा". पाठवणारे अर्थात आमचे नानाकाका.

ही गोष्ट तुम्हालाही आली असेल. कधी राजा अलवरचा असतो, कधी भरतपूरचा, कधी पतियाळाचा, कधी थेट निजाम. गाड्या कधी सहा, कधी सात, कधी दहा. फोटो मात्र तोच, गाडीच्या पुढ्यात खराटे बांधलेला. आता मला सांगा, रस्ता झाडायचा असता तर खराटे चाकांपुढेच कशाला बांधले असते? मला तर ते टायर वाचवायचे वाटतात. कच्चा रस्ता, बैलांच्या नालांचे पडलेले खिळे, आणि पंक्चर काढायला पुढच्या वीस मैलांत कोणी नाही.

बरं, त्या काळी रोल्स रॉइस कंपनी अख्खी गाडी विकतच नव्हती! दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथून मिळायची ती इंजिनासकट चासी, म्हणजे गाडीचा नुसता सांगाडा. वरची बॉडी बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड अशा बॉडी बांधणाऱ्यांकडून आपल्या पसंतीने करून घ्यायची, त्यात महिनेच्या महिने जायचे. सहा गाड्या शोरूममधून भाजीसारख्या उचलून आणल्या हे चित्र आपल्या आजच्या शोरूमवरून सुचलेलं आहे.

पण माझा राग वेगळा आहे. या गोष्टीत राजा आहे, सेल्समन आहे, आपला अभिमान आहे. गाडी बनवणारा माणूस कुठेच नाही.

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. बाबांनी दोन लेथवर सुरू केलं, आता मी बघते. आमचे जॉब, म्हणजे आम्ही घडवलेले सुटे भाग, कुठल्या गाडीत कुठे बसतात ते आम्हाला पक्कं माहीत असतं, गाडीत बसणाऱ्याला आमचा पत्ता नसतो. त्याबद्दल तक्रार नाही, धंदाच तसा आहे. पण म्हणून मला या ब्रँडच्या इतिहासात राजांपेक्षा हेन्री रॉइस जास्त जवळचा वाटतो.

रॉइस १८६३चा, पीटरबरोजवळच्या आल्वॉल्टन गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. गिरणी बुडाली, कुटुंब लंडनला आलं, आणि हा नऊ वर्षांचा असताना बाप गेला. पोरगा पेपर विकायला लागला, मग तारा पोहोचवायला. शाळा जेमतेम. एका मावशीने, की आत्याने (इंग्रजीत दोघींना एकच शब्द, आपल्यासारखी सोय नाही), वर्षाला २० पौंड भरून त्याला रेल्वेच्या वर्कशॉपात उमेदवारीला लावलं. तीन वर्षांत तिचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट राहिली. म्हणजे ज्या माणसाच्या नावाने आज जग 'परफेक्ट'चं उदाहरण देतं, त्याच्याकडे साधं कोर्स पुरा केल्याचं सर्टिफिकेटही नव्हतं.

१८८४ साली त्याने मँचेस्टरला कुक स्ट्रीटवर क्लेअरमाँट नावाच्या भागीदाराबरोबर धंदा काढला. याचे २० पौंड, त्याचे ५०. माल काय, तर विजेच्या घंटा आणि दिव्यांचे होल्डर. पुढे डायनामो आणि विजेवर चालणाऱ्या क्रेन. गाडी त्याच्या आयुष्यात आली चाळिशीत. १९०३ मध्ये त्याने एक सेकंडहँड फ्रेंच गाडी घेतली, डेकोव्हिल नावाची. ती काही वाईट नव्हती म्हणतात. पण या गृहस्थाला ती सोसवेना. त्याने ती सोडवली, एकेक भाग बघितला आणि यापेक्षा बरं आपण करू म्हणून कामाला लागला. १ एप्रिल १९०४ ला त्याची स्वतःची दहा हॉर्सपॉवरची गाडी कुक स्ट्रीटवरून निघाली आणि नट्सफर्डला त्याच्या घरी धड पोहोचली.

नंतरची भेट प्रसिद्ध आहे, म्हणून भराभर सांगते. ४ मे १९०४, मँचेस्टरचं मिडलंड हॉटेल. समोर चार्ल्स रोल्स, लॉर्डाचा मुलगा, केंब्रिजचा पदवीधर, लंडनमध्ये परदेशी गाड्या विकणारा. त्याला विकायला चांगली इंग्लिश गाडी हवी होती, याच्याकडे गाडी होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. डिसेंबरात करार झाला. रॉइस बनवील तेवढ्या गाड्या रोल्स घेणार, आणि गाडीवर नाव दोघांचं. आता बघा, नावात आधी कोण? विकणारा. बनवणारा नंतर. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बिलं वेळेवर देत होता ना?"

देत असावा. कारण नंतरची दोन-तीन वर्षं रॉइसने जे केलं ते उधारीच्या काळजीत होण्यासारखं नाही.

सहा सिलिंडरच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा, लांब असतो. लांब दांडा दोन्हीकडून पिळ खातो, थरथरतो, आणि ठरावीक वेगाला ती थरथर इतकी वाढते की दांडा मोडतो. त्या काळी भल्याभल्यांचे मोडत होते. रॉइसच्या आधीच्या तीस हॉर्सपॉवरच्या गाडीतही मोडले. मग १९०६ च्या फोर्टी-फिफ्टी नावाच्या नव्या गाडीसाठी त्याने दांडा जाड केला, सात बेअरिंगांवर तोलला, तेल दाबाने आतपर्यंत पोहोचवलं आणि सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत ओतले. गाडी सात लिटरची, पण आवाज नाही की हादरा नाही. लोक ज्याला रोल्स रॉइसचा ऐषआराम म्हणतात तो मुळात हा न थरथरणारा क्रँकशाफ्ट आहे. मखमल, चांदी, पडदे ही नंतर दुसऱ्यांनी चढवलेली झूल.

आमच्याकडे बाबा अजूनही कधी शॉपवर आले की जॉब हातात घेऊन आधी कडेवरून नख फिरवतात. नखाला बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेलं धातूचं कुसळ, लागली की मायक्रोमीटर काढायच्याही फंदात पडत नाहीत, जॉब परत ट्रेमध्ये. नवीन पोरं म्हणतात, काका, ड्रॉइंगमध्ये बसतंय की. बाबा म्हणतात, ड्रॉइंगमध्ये बसतंय, हाताला बसत नाही. रॉइसबद्दल वाचताना मला सारखं हे नख दिसतं. साहेब झाल्यावरही तो स्वतःची ओळख मेकॅनिक अशीच करून द्यायचा.

विकण्याची बाजू मात्र क्लॉड जॉन्सन नावाच्या तिसऱ्याच माणसाने सांभाळली. इंग्रजीत रोल्स आणि रॉइस यांच्यामध्ये जी छोटी आडवी रेघ असते ना, ती रेघ म्हणजे जॉन्सन, असं लोक म्हणायचे. त्याने १९०७ मध्ये एका फोर्टी-फिफ्टीला चंदेरी रंग दिला, नाव ठेवलं सिल्व्हर घोस्ट, आणि ती लंडन-ग्लासगो रस्त्यावर परीक्षकांच्या देखत हाकत सुटला. १५,००० मैल. त्यात न थांबता १४,३७१. त्याआधी ६२९ मैलांवर एकदा थांबली होती, पेट्रोलचा कॉक हादऱ्याने बंद झाला म्हणून. शेवटी गाडी खोलून झिजलेले भाग बदलून पुन्हा नव्यासारखी करायला सामान लागलं २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्सचं. जाहिरात करावी तर अशी, पार्ट्सचं बिल दाखवून.

आणि नानाकाका, तुमच्या अभिमानासाठी खरीखुरी गोष्ट आपल्याच घाटांत घडलेली आहे. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली, सहा घाट चढून-उतरून ६२० मैलांची. त्यात एक सिल्व्हर घोस्ट उतरली होती, 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची, म्हणजे पूर्वेचा मोती. गाडी जिंकली, आणि ती विकत घेतली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी. राजाचा अपमान नाही, कचरा नाही. घाटात गाडी तापली नाही, हे बघून घेतली. मला तर हा राजा जास्त शहाणा वाटतो. पण यावर फॉरवर्ड निघत नाही, कारण यात कोणी कोणाची जिरवलेली नाही.

रोल्सचं मन तोवर गाड्यांवरून उडून विमानांत गेलं होतं. जून १९१० मध्ये त्याने इंग्लिश खाडी न उतरता आरपार जाऊन-येऊन पार केली, आणि पुढच्याच महिन्यात, १२ जुलैला, बोर्नमथला विमानाचं शेपूट मोडून तो गेला. वय ३२. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात गेलेला पहिला ब्रिटिश माणूस. नावात पुढे असलेला माणूस कंपनीच्या इतिहासात जेमतेम सहा वर्षं आहे.

बॉनेटवरची ती झुकलेली बाई १९११ ची, शिल्पकार चार्ल्स साइक्स. तिच्यासाठी समोर उभी राहिली असं मानतात ती एलिनॉर थॉर्न्टन, लॉर्ड माँटॅग्यू यांची सेक्रेटरी. पहिल्या महायुद्धात माँटॅग्यू हिंदुस्थानात लष्करी मोटारवाहतुकीच्या कामावर यायला निघाले, ती बरोबर होती. बोट पर्शिया, शेवटचा मुक्काम मुंबई. ३० डिसेंबर १९१५ ला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारून ती बुडवली. माँटॅग्यू वाचले, एलिनॉर नाही. सिग्नलला कधी ती गाडी शेजारी येऊन थांबली की पोरं फोटो काढतात त्या मूर्तीचा, मला ती बोट आठवते.

रॉइसची तब्येत १९११ पासून ढासळली ती कायमचीच. त्यानंतर बावीस वर्षं तो डर्बीच्या कारखान्यापासून दूर, कधी दक्षिण फ्रान्समध्ये तर कधी इंग्लंडच्या किनाऱ्यावर वेस्ट विटरिंगला राहून ड्रॉइंग आणि पत्रं पाठवत राहिला. आजच्या भाषेत वर्क फ्रॉम होम. सांगतात, की शर्यतीच्या विमानाचं इंजिन त्याने तिथल्या वाळूत काठीने रेखाटून दाखवलं होतं. त्याच वाटेने पुढे मर्लिन इंजिन आलं, जे दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानात बसलं. ते लढताना बघायला तो नव्हता, १९३३ मध्ये गेला.

आणि इथून कंपनीचा खरा धंदा विमानांच्या इंजिनांचा झाला, हे आपल्याकडे फार जणांच्या लक्षातच येत नाही. १९७१ साली रोल्स रॉइस बुडाली ती गाड्यांमुळे नाही. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी घेतलेल्या आरबी२११ इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला. पंख्याची पाती कार्बन फायबरची करायला गेले आणि पक्षी आदळल्याच्या चाचणीत ती टिकेनात. ४ फेब्रुवारीला कंपनीने हात वर केले. खासगी उद्योगाचं गुणगान गाणाऱ्या हुजूर पक्षाच्या सरकारला ती सरकारजमा करावी लागली. गाड्यांचा विभाग १९७३ मध्ये वेगळा काढला, १९८० मध्ये तो व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीने घेतला.

मग १९९८ ची वाटणी. ही मला प्रत्येक वेळी वाचताना हसू येतं. व्हिकर्सने गाड्यांची कंपनी विकायला काढली. बीएमडब्ल्यूने ३४ कोटी पौंड लावले, फोक्सवॅगनने ४३ कोटी मोजून ती नेली. कारखाना मिळाला, त्याच कंपनीची दुसरी गाडी बेंटली मिळाली, पुढची जाळी मिळाली, ती झुकलेली बाईसुद्धा मिळाली. नाव नाही मिळालं! नाव विमान-इंजिनवाल्या कंपनीने आपल्याकडे राखून ठेवलं होतं, आणि तिने ते ४ कोटीत बीएमडब्ल्यूला वापरायला दिलं. घर एकाचं, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. शेवटी समझोता झाला. फोक्सवॅगनकडे बेंटली आणि क्रू गावातला जुना कारखाना राहिला. १ जानेवारी २००३ पासून रोल्स रॉइस बीएमडब्ल्यूची, आणि तिने गुडवुडला नवा कारखाना बांधला. म्हणजे आजच्या रोल्स रॉइसच्या भिंतींना कुक स्ट्रीटचं, डर्बीचं, क्रूचं कशाचंच तेल लागलेलं नाही.

(जाता जाता. साठच्या दशकात एका मॉडेलला 'सिल्व्हर मिस्ट' नाव द्यायचं घाटत होतं. जर्मनमध्ये मिस्ट म्हणजे शेणखत हे कळल्यावर ती सिल्व्हर शॅडो झाली म्हणतात. पुढे मालकच जर्मन येणार होते, बरं झालं.)

तर मग ही तीच कंपनी का? कागदावर बघाल तर नाही. मी तरीही हो म्हणते, पण बाईच्या मूर्तीमुळे नाही. २०२३ मध्ये त्यांनी पहिली विजेवरची गाडी आणली, स्पेक्टर. सगळ्यांनी लिहिलं, परंपरा मोडली. अहो, कुठली परंपरा? रॉइस विजेच्या घंटा आणि डायनामो करूनच वर आला होता. आयुष्यभर त्याने पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज आणि थरथर मारण्यात घालवलं. आता समोर असं यंत्र, ज्यात मुळात स्फोटच नाही, आणि तो लांब दांडाही नाही.

मला वाटतं त्याला ती आवडली असती. घरी नेली असती, दोन दिवस चालवली असती, आणि तिसऱ्या दिवशी सगळी सोडवून भाग टेबलावर मांडले असते. कुठेतरी नखाला काहीतरी लागलंच असतं.