गाठींचं रक्त तोडल्याने गर्भपिशवी सडत नाही

सिडकोतल्या बचतगटांपासून गंगापूर रोडच्या सोसायट्यांपर्यंत नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. "फायब्रॉइडवर तार घालून रक्त बंद करायची नवी ट्रीटमेंट निघाली आहे, करू नका. पिशवी आतल्या आत सडते. गाठ राहिली की कॅन्सर. मुलं झाली असतील तर पिशवी काढून मोकळ्या व्हा." खाली जोडलेले हात आणि 'प्रत्येक बहिणीपर्यंत पोचवा'.

नवी म्हणे! फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली गाठ; तिचा रक्तपुरवठा तोडण्याच्या या उपचाराचं नाव युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशन. पॅरिसच्या डॉक्टर जॅक रॅव्हिना आणि सहकाऱ्यांनी तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला.

आता सडण्याचं. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालतात; अँजिओग्राफी झालेलं कुणीतरी घरात असतंच, सुरुवात तशीच. भूल त्या जागेपुरती, सोबत गुंगीचं औषध. नळी गर्भाशयाच्या धमनीत पोचली की डाय सोडतात आणि स्क्रीनवर गाठीभोवतीचं रक्तवाहिन्यांचं दाट जाळं उमटतं. गाठ जास्तीचं रक्त ओढत असते, म्हणून मग सोडलेले अर्धा-पाऊण मिलिमीटरचे कण प्रवाहाबरोबर जास्त करून तिकडेच जातात. डावी-उजवी, दोन्ही बाजू बंद करतात. पिशवीला अंडाशयाकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांचाही आधार असतो, ती तगते. गाठीला तेवढं पुरत नाही; ती मरते आणि आक्रसत जाते. सहा महिन्यांत साधारण निम्म्यावर येते, गायब होत नाही. पण पाळीचा रक्तस्राव बहुतेकींचा कमी होतो, आणि हिमोग्लोबिन सातवर आलेल्या बाईला सोनोग्राफीतल्या सेंटिमीटरांपेक्षा त्याचंच मोल जास्त. क्वचित जंतुसंसर्ग होतो, त्यात पिशवी काढावीही लागते. ताप हटत नसेल, अंगावरून घाण वासाचं जात असेल तर तडक हॉस्पिटल गाठायचं. सडण्याची अफवा बहुधा अशाच एखाद्या केसवरून उठली असावी.

कॅन्सरची भीती घालणं तर सर्वांत सोपं. फायब्रॉइड ही साधी गाठ आहे, तिच्यात कॅन्सर निघणं अगदी विरळा. एक गोष्ट मात्र खरी: पिशवी काढली की ती पॅथॉलॉजीकडे जाते, इथे तपासायला तुकडा हाती येत नाही. म्हणून आधी एमआरआय करतात, आणि रक्तस्राव अवेळी होत असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा नमुनाही तपासतात. पाळी गेल्यावर गाठ वाढत असेल तर हा उपचार नकोच.

'काढून मोकळ्या व्हा' या वाक्याचा मला राग येतो. पिशवी काढणं हे पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचे त्रास लवकर सुरू होण्याची शक्यता वाढते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तारुण्यात काढल्याचं २०१९ मध्ये गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. त्यांनाही 'मोकळ्या व्हा' असंच सांगितलं गेलं होतं. काहींना काढावी लागते, हे कबूल. पण मुलं झाली हे कारण पुरेसं नाही.

गंमत म्हणजे या उपचाराच्या खऱ्या अडचणींबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. पहिली रात्र वाईट जाते: ओटीपोटात जोरदार कळा, मळमळ, कणकण. त्यासाठीच एक दिवस ठेवून घेतात आणि जोरकस वेदनाशामकं देतात. कामावर परतायला एक-दोन आठवडे लागतात. पंचेचाळिशीनंतर काहींची पाळी कायमची जाते. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत हा उपचार घेतलेल्या बायकांचा दहा वर्षं पाठपुरावा केला, त्यात जवळपास एक तृतीयांश जणींना पुढे पिशवी काढावीच लागली. म्हणजे दोन तृतीयांश जणींची वाचली, हेही त्यातच आलं. मूल हवं असेल तर साधारणपणे फक्त गाठ काढण्याचं ऑपरेशन आधी सुचवतात. गाठ पिशवीच्या पोकळीत लोंबत असेल तर ती खालून दुर्बिणीने निघू शकते, तारेची गरजच नाही.

तुमच्या गायनॅकने हा पर्याय सुचवला नाही तर आपणहून विचारा. एमआरआय घेऊन इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला, म्हणजे स्क्रीनवर बघत नळीने असे उपचार करणाऱ्या डॉक्टरला, भेटा. हॉस्पिटलात कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफीची खोली, आहे एवढ्यावर जाऊ नका. तिथे हृदयाचं काम रोज चालत असेल, पण गर्भाशयाच्या केसेस किती केल्यात, हे करणाऱ्या डॉक्टरलाच तोंडावर विचारायचं.