समुद्राचं पाणी औषध नाही: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

परवा रात्री आत्याचा फोन आला. तिला कितीतरी वर्षांपासून डायबेटीस आहे, टाचेला भेग पडून त्याची जखम झालीय, दोन आठवडे झाले भरत नाहीये, आणि ती अगदी खुशीत मला सांगत होती की आज संध्याकाळी धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून अर्धा तास पाय पाण्यात सोडला, छान वाटलं, उद्या परत जाणार. कुणी सांगितलं तुला हे, म्हटलं, तर "अगं तो मेसेज नाही का आला ग्रुपवर, तू वाचलाच नाहीस". वाचला होता. तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला होता आणि तिन्ही वेळा मी काही न बोलता पुढे गेले, त्याचं आता फार वाईट वाटतंय. म्हणून आज सगळं लिहून काढतेय.

ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी, मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: समुद्रातलं मीठ सगळे जंतू मारतं म्हणून जखम त्यात बुडवावी, तळ दिसतो ते पाणी स्वच्छ, टीडीएस मीटर बुडवून बघा, जिथे आकडा कमी तिथलं पाणी जास्त शुद्ध, भरती-ओहोटी दिवसातून दोनदा बंदरं आणि बेटं धुऊन काढते, बंदरातली घाण म्हणजे फक्त जहाजाचं तेल, तवंग नसेल तर काळजी नाही, आणि लॅबच्या तपासण्या म्हणजे पैसे काढायचा धंदा, रिपोर्ट येईपर्यंत पाणी बदललेलं असतं.

जखमेचा मुद्दा आधी घेते, कारण यात माणूस मरू शकतो, आणि हे मी घाबरवायला म्हणत नाहीये. व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा एक जिवाणू आहे. तो मिठाने मरत नाही, उलट त्याला वाढायला मीठ लागतं. कोमट, थोडं खारट पाणी, म्हणजे खाडीचं मुख, नाला समुद्राला मिळतो ती जागा, बंदराच्या आतलं संथ पाणी, हे त्याचं घर. उघड्या जखमेतून तो आत शिरला तर काही तासांत लाली, सूज, फोड, मग मांस सडायला लागतं. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था स्पष्ट सांगते की या इन्फेक्शनमध्ये पाचातला साधारण एक रुग्ण दगावतो, कधीकधी आजारी पडल्यापासून एक-दोन दिवसांत. धोका सगळ्यात जास्त कुणाला, तर लिव्हरचा आजार, डायबेटीस, कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांना, म्हणजे नेमकं ज्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत आणि जे असले मेसेज वाचून आशेने पाय बुडवतात त्यांना. २०१४ च्या उन्हाळ्यात स्वीडन-फिनलंडसारख्या थंड देशांत समुद्र तापला आणि तिथेसुद्धा व्हिब्रिओच्या केसेस एकदम वाढल्या. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान वादळाचं पाणी शिरलं, त्यानंतरही तेच झालं. आणि हा जिवाणू सांडपाण्यातून येत नाही, तो समुद्रात मुळातच असतो, त्यामुळे पाणी सांडपाण्याच्या तपासणीत पास झालं तरी जखम बुडवायला ते सुरक्षित ठरत नाही. जखम आहे तर खाऱ्या पाण्यात उतरायचं नाही. चुकून पाणी लागलंच तर लगेच साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा, आणि लाली पसरायला लागली की डॉक्टरकडे जाऊन "समुद्राचं पाणी लागलं होतं" हे स्वतःहून सांगा, कारण औषध कुठलं द्यायचं ते त्यावर ठरतं.

यात अर्धं खरं काय आहे तेही सांगते, नाहीतर लगेच कोणीतरी "विज्ञान वाचा" म्हणून येईल. माणसाच्या आतड्यातले बरेच जंतू समुद्रात फार टिकत नाहीत हे खरं आहे. कडक उन्हात, नितळ पाण्यात ई-कोलायची संख्या काही तासांत खूप घटते. पण ते काम मिठापेक्षा जास्त उन्हाचं. रात्री, गढूळ पाण्यात, किंवा जंतू गाळात जाऊन बसले तर ते दिवसेंदिवस टिकतात, आणि बंदरात तर रोज बोटींचे पंखे तो गाळ ढवळून वर आणतात. शिवाय एन्टरोकोकाय नावाचे जंतू खाऱ्या पाण्यात ई-कोलायपेक्षा जास्त तग धरतात, म्हणूनच समुद्राच्या पाण्यात सांडपाणी आहे का हे बघायला जगभर तेच मोजतात. विषाणू अजून चिवट.

आता टीडीएस मीटर. हा मुद्दा ज्याने लिहिला त्याने समुद्रात मीटर कधी बुडवून बघितलाच नसणार. हा मीटर करतो काय, तर दोन पिनांमधून पाण्यात वीज किती सहज वाहते ते बघतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, बस. त्याला जंतू दिसत नाहीत, तेल दिसत नाही, कीटकनाशक दिसत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५,००० मिलिग्रॅम, आणि घरात फिल्टरचं पाणी बघायला वापरतो ते बहुतेक मीटर १०,००० च्या आतच संपतात. पण समजा चांगला मीटर आणला आणि किनाऱ्यावर एके ठिकाणी आकडा खरंच कमी आला, तर त्याचा अर्थ काय? तिथे गोडं पाणी मिसळतंय. किनाऱ्यावर गोडं पाणी कुठून येणार, नदीतून, पावसाच्या नाल्यातून, नाहीतर गटारातून. सांडपाण्यात क्षार समुद्राच्या मानाने अगदीच कमी असतात, त्यामुळे गटाराच्या तोंडाशी मीटर धरला की आकडा खाली येतो. म्हणजे हा मेसेज लोकांना मोजून मापून गटाराच्या तोंडाशी पोहायला पाठवतोय! लहान मुलांना घेऊन जाणारे लोक आहेत यात.

तळ दिसतो म्हणून पाणी स्वच्छ, याला एकच संदर्भ देते, तो पुरेसा आहे. १९८९ ते १९९२ या काळात ब्रिटनमध्ये डेव्हिड के आणि त्यांच्या टीमने चार किनाऱ्यांवर प्रयोग केला, तो १९९४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बाराशेहून जास्त प्रौढ माणसं स्वतःहून आली, चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाने किमान दहा मिनिटं पाण्यात राहायचं आणि तीनदा डोकं बुडवायचं, दुसऱ्याने वाळूवरच थांबायचं. हे किनारे तेव्हाच्या कायद्याच्या मर्यादेत बसणारे होते, घाणेरडे म्हणून निवडलेले नव्हते. तरी पाण्यात उतरलेल्यांमध्ये जुलाब-उलट्या जास्त निघाल्या, आणि छातीएवढ्या पाण्यातल्या नमुन्यात १०० मिलिलिटरमागे फीकल स्ट्रेप्टोकोकाय, म्हणजे जवळपास हेच एन्टरोकोकाय, ३२ च्या वर गेले की धोका वाढताना दिसला. १०० मिलिलिटर म्हणजे अर्धा पेला. अर्धा पेला पाण्यात ३२ जंतू, ते कुणाला डोळ्यांनी दिसणार आहेत? जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मर्यादा ठरवताना याच कामाचा आधार घेतला.

तेलाचा तवंग नाही तर काळजी नाही, हे पण तसलंच. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि कालवं चिकटू नयेत म्हणून टीबीटी (ट्रायब्युटिलटिन) नावाचं विषारी रसायन असलेला रंग लावायचे. या टीबीटीचा रंग पाण्याला येत नाही, वास येत नाही, तवंग येत नाही, आणि एका लिटरमध्ये ग्रॅमचा अब्जावा भाग एवढ्याने सुद्धा काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागतात. फ्रान्समधल्या आर्काशों खाडीत कालवांची पैदास त्याने कोसळली, १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींना हा रंग लावायला बंदी घातली, आणि त्यावरच्या बंदीचा जगभरचा करार अंमलात यायला सप्टेंबर २००८ उजाडला. बॅलास्टचं पाणी, म्हणजे जहाजाचा तोल राहावा म्हणून त्याच्या पोटात भरून नेतात ते पाणी, हे वेगळंच, १९९१-९२ मध्ये अमेरिकेच्या गल्फ किनाऱ्यावर आलेल्या जहाजांच्या बॅलास्टमध्ये कॉलऱ्याचे जंतू सापडले होते. हे मान्य करते की बऱ्याच बंदरांत आतड्याच्या जंतूंचा मोठा वाटा जहाजांचा नसून मागच्या गावाच्या गटारांचा असतो, पण मेसेज तर तेही म्हणत नाहीये.

भरती-ओहोटीचं म्हणणं मोकळ्या किनाऱ्याला थोडंफार लागू पडतं. बंदराला मात्र मुद्दाम भिंत घातलेली असते, लाट आत येऊ नये म्हणून, आणि लाट अडली की पाण्याची अदलाबदलही अडते. ओहोटीला बाहेर गेलेलं बरंच पाणी पुढच्या भरतीला तेच परत आत येतं, आणि भांगाच्या दिवसांत तर हालचाल अजूनच कमी. बेटांचं उदाहरण हवं तर पॅसिफिक महासागरातल्या किरिबाटी देशातलं तारावा बघा, प्रवाळाची अरुंद पट्टी, खाली भुसभुशीत वाळू, शौचाचं पाणी त्यातून झिरपून विहिरीत आणि लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात. १९७७ मध्ये तिथे कॉलऱ्याची साथ आली. चारी बाजूंनी समुद्र होता, भरती रोज येत होती.

राहिला लॅबचा मुद्दा. रिपोर्टला वेळ लागतो हे खरं आहे, नाकारत नाही. निर्जंतुक बाटली, झाकणाच्या आतून बोट लागू द्यायचं नाही, पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटिमीटरवर भरायची, बर्फाच्या पेटीत अंधारात ठेवून काही तासांत लॅबला पोचवायची, मग तिथे खणांच्या ट्रेमध्ये ओतून ४१ अंशांवर २४ तास, आणि दुसऱ्या दिवशी अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ट्रेचे किती खण निळे चमकतात, म्हणजे कितींत एन्टरोकोकाय वाढले, ते मोजायचं. म्हणजे हातात येतो तो कालच्या पाण्याचा हिशोब. पण म्हणून मोजायचंच नाही? कॅलिफोर्नियातल्या सान दिएगोने २०२२ पासून जनुकीय चाचणी सुरू केली, त्यात त्याच दिवशी निकाल मिळतो. आणि साधी पद्धत असली तरी वर्षभराचे आकडे एकत्र ठेवले की कुठला नाला, कुठला महिना, पावसानंतर किती दिवस, हे सगळं कळतं. तिथेच जोराच्या पावसानंतर ७२ तास पाण्यात जाऊ नका असं सांगतात, ते अशाच नोंदी ठेवून कळलं.

आत्याला दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरकडे नेलं. त्यांनी जखम धुतली, औषध सुरू केलं आणि लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून दिली, रेघेच्या बाहेर गेली तर वाट न बघता ॲडमिट. आज दुसरा दिवस, लाली रेघेच्या आतच आहे. मी दर चार तासांनी फोटो मागवतेय.