एकच गेट, तीच वेळ, तोच गोंधळ

कंपनी केवढी अवाढव्य, आणि शिफ्ट बदलताना उघडं असतं एकच गेट! पहिली शिफ्ट सुटते त्याच भोंग्याला दुसरी आत शिरते, आणि नेमका तेव्हाच मालाचा ट्रेलर वजनकाट्यासाठी आडवा उभा. त्याच्या मागे कंपनीच्या बसगाड्या, बसगाड्यांच्या मागे आपण. जाणारे निघाल्याशिवाय येणाऱ्यांना पार्किंगला जागा नाही, आणि येणाऱ्यांनी रस्ता अडवल्यावर जाणारे निघणार कसे, डोंबल? शिफ्टच्या वेळा खात्यानुसार 15-20 मिनिटांनी मागेपुढे करा, तेवढा वेळ ट्रक यार्डातच थांबवा. झालं! पण नाही. त्याऐवजी नोटीस लागते: ‘वाहने रिव्हर्समध्येच लावावीत.’ लावतो की! नियम चांगलाच आहे, निघताना समोरचं दिसतं. पण मागे हॉर्नचा कल्लोळ चाललेला आणि दोन गाड्यांच्या मधल्या फटीत कुणी महाभाग बाइक तिरकी खोचून गेलेला असताना लावायची कशी, तेही लिहा ना नोटिशीत. इकडे पंचिंगला एक मिनिट उशीर झाला की लेट मार्क. तो मात्र अगदी वेळेवर लागतो! आणि साहेबांची जागा? पिवळा रंग मारून, साखळी लावून दिवसभर रिकामी. साहेब म्हणे टूरवर आहेत.