कुंदा आणि करदंट

आमच्याकडे दोन मांजरं, नावं आमच्या बेळगावकडच्या मिठायांची. तांबूस ती कुंदा, आणि अंगावर सुकामेवा थापल्यासारखे ठिपके असलेला बोका म्हणजे करदंट. एकाच आईची, एकाच बुट्टीत वाढलेली, एकमेकांच्या पोटावर डोकं टाकून झोपणारी. शहापुरातल्या आमच्या गल्लीत सख्ख्या भावंडांचं असं प्रेम शोधून सापडायचं नाही.

मागच्या पावसाळ्यात करदंटला लस टोचायला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बुट्टीवर फडकं बांधलेलं, आतून त्याचा आक्रोश, आणि टिळकवाडीच्या रेल्वे गेटावर गाठणारा पाऊस. घरी येऊन बुट्टी उघडली, तर कुंदानं कान मागं चपटे केले, तोंड वासलं आणि असा फुत्कार सोडला की गॅस गळालाय समजून आज्जीनं रेग्युलेटर बंद केला.

बेळगावात सीमा म्हटलं की बोलणं थेट १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जातं. कुंदानं ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाच मिनिटांत आखली. करदंटनं पाय पुढं टाकला की घशातून खर्जातली गुरगुर, नाक पुढं केलं की फिस्स.

मी समेटाला बसलो. "अगं, भाऊ आहे की तुझा!" म्हणत दोघांची नाकं जवळ आणली. मनगटावर चार रेघा उठल्या, त्याही पट्टीनं ओढल्यागत समांतर.

"कशाला मधी पडालास तू?" म्हणत आज्जी मीठमोहऱ्या शोधायला गेली. कंपाउंडपलीकडून शेजारच्या आक्का म्हणाल्या, "बेक्क अंजेतरी, बिडरी." मांजर भ्यालंय, सोडा.

भ्यालंय? रक्त माझं निघालेलं!

पण आक्कांचंच खरं होतं. मांजर आपल्या माणसांना ओळखतं ते मुख्यतः वासावरून. दिवसभर एकमेकांना गाल घासतात ते त्यासाठीच, सगळ्या घराचा एक वास व्हावा म्हणून. करदंट घेऊन आला होता स्पिरिटचा आणि परक्या कुत्र्यांचा वास. तोंड भावाचं, वास दवाखान्याचा, कुणीही दचकेल. फिसकारणं ही तिची चढाई नव्हती, "लांब राहा, नाहीतर मला नखं काढावी लागतील" अशी घाबरलेली विनवणी होती. अशा वेळी मांजराला दरडावलं, उचललं, जबरदस्तीनं जवळ आणलं की प्रकरण चिघळतं. थोडक्यात, मी जे जे केलं ते.

मग करदंटला मागच्या खोलीत ठेवलं, दार लावलं. त्याचा टॉवेल कुंदाच्या ताटलीशेजारी, तिचा त्याच्याकडे. पहिल्या दिवशी ती टॉवेलवरही फिसकारली. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर झोपली. पाचव्या दिवशी दार किलकिलं केलं, दोघांनी हुंगलं, आणि करदंट तिच्या ताटलीतलं खाऊन मोकळा झाला.

इकडे मी मनगट पंधरा मिनिटं साबणानं धुऊन रेबीजच्या इंजेक्शनांना लागलो होतो. सातव्या दिवशीचं टोचून घेऊन घरी आलो, तर दोघं एका टॉवेलवर पसरलेली. कौतुकानं हात पुढं केला. दोघांनी हुंगला. चार कान एकदम चपटे झाले आणि फुत्कार निघाला, तोही एका सुरात.

आज्जीनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुझा टॉवेल कुठं टाकलास रे?"